धातूचा यो-यो कसा बनतो: कडेतली रिंग आणि मधलं बेअरिंग

स्पर्धेत वापरतात तो धातूचा यो-यो खाली सोडला की आपोआप वर येत नाही. तो दोरीच्या टोकाला जागच्या जागी गरगरत राहतो. तेवढ्या वेळात खेळाडू दोरीचे फास रचतो, यो-यो एका पदरावरून दुसऱ्या पदरावर उडवतो, आणि सगळं झालं की दोरीची एक घडी मधल्या फटीत सारून त्याला हातात परत बोलावतो. या घडीला बाइंड म्हणतात. मधल्या सगळ्या कसरतीत यो-योला नव्याने जोर मिळत नाही. हातातून सुटताना जी गिरकी मिळाली तीच पुरवून वापरायची असते. ती किती वेळ टिकते आणि दोरी घासत असताना यो-यो किती कमी कलतो, यावर खेळ उभा असतो. कडेला वजन घालण्याचा खटाटोप याच दोन गोष्टींसाठी आहे.

ही कल्पना नवी नाही. १८६६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या दोघांनी या खेळण्याच्या सुधारित रचनेचं पेटंट घेतलं. कडेकडे जाड होत जाणारी तबकडी फ्लायव्हीलचं, म्हणजे गिरकी टिकवून धरणाऱ्या जड चाकाचं काम करते, हा विचार त्यात होता. मध्ये बॉल बेअरिंग बसवायची पद्धत मात्र बरीच नंतर रुळली. टॉम कून यांचा एसबी-२ हा ॲल्युमिनियमचा बेअरिंगवाला यो-यो १९९० मध्ये आला. आजचे धातूचे यो-यो त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे म्हणता येतील.

आधी कडेच्या वजनाचं गणित पाहू, कारण पुढची सगळी कारागिरी त्यातूनच निघते. फिरणाऱ्या वस्तूला थांबवायला किती जोर लागेल, हे तिच्या एकूण वजनापेक्षा ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावर जास्त ठरतं. अंतर दुप्पट झालं की परिणाम चौपट होतो. म्हणजे मध्यापासून २५ मिमीवर ठेवलेला १ ग्रॅम धातू, १० मिमीवर ठेवलेल्या सव्वासहा ग्रॅमच्या बरोबरीचं काम करतो. यो-योचं एकूण वजन साधारण ६२ ते ६८ ग्रॅमच्या आसपास ठेवावं लागतं. त्याहून बरंच जड झालं तर बोट दुखतं आणि हाताचा वेग मंदावतो. म्हणून वजन वाढवायचं नसतं, आहे तेच मधून उचलून कडेला न्यायचं असतं.

पूर्ण ॲल्युमिनियमच्या यो-योत हे आकारातून साधतात. बाहेरच्या बाजूने वाटीसारखा खोलगट भाग कोरून मधली भिंत पातळ करतात आणि कड जाड ठेवतात. पण याला मर्यादा आहे. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम. कडेला जास्त वजन हवं असेल तर कड फुगवावी लागते, आणि फुगलेली कड आतल्या बाजूला, म्हणजे कमी अंतरावर सरकत जाते. फायदा तिथेच गळतो.

म्हणून स्टीलची रिंग. स्टेनलेस स्टीलची घनता ७.९ च्या आसपास, पितळेची ८.५. समजा, रिंगची बाहेरची त्रिज्या २७ मिमी, आतली २५ मिमी आणि रुंदी ४ मिमी आहे. तेवढ्या जागेत ॲल्युमिनियम भरलं तर साडेतीन ग्रॅम बसतं. स्टील भरलं तर दहा ग्रॅमच्या वर जातं. दोन बाजूंच्या दोन रिंगा मिळून वीस ग्रॅम, म्हणजे अख्ख्या यो-योचा जवळपास तिसरा हिस्सा, अगदी टोकाच्या दोन मिलिमीटरांत येऊन बसतो. उरलेलं ॲल्युमिनियमचं अंग मग हवं तितकं सडपातळ करता येतं. दोन धातूंच्या अशा यो-योंना बाय-मेटल म्हणतात.

कागदावर हे इथेच संपतं. खरी परीक्षा लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर होते, आणि माझ्या मते बाय-मेटल यो-योचा कस रिंगेच्या वजनात कमी आणि त्याच्या मधल्या सहा-सात मिलिमीटरांत जास्त लागतो. का, ते काम कसं होतं ते पाहिलं की कळतं.

यो-यो दोन अर्ध्या भागांचा असतो. मध्ये बेअरिंग, आणि दोन्ही अर्ध्यांना एकत्र ओढून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू, म्हणजे ग्रब स्क्रू. तोच ॲक्सल. बहुतेक ठिकाणी हा एम-४, म्हणजे ४ मिमी जाडीच्या मापाचा असतो, लांबी ८ ते १२ मिमी. बेअरिंगचं सर्वाधिक चालणारं माप खेळाडूंमध्ये सी साइज म्हणून ओळखलं जातं. त्याचा आतला व्यास ६.३५ मिमी, बाहेरचा १२.७ मिमी आणि जाडी ४.७६ मिमी असते. प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर एक छोटा उंचवटा असतो. बेअरिंगची आतली कडी त्यावर बसते. हे बेअरिंगचं सीट. सीटभोवती गोल खाच असते, तिच्यात सिलिकॉनचा चपटा पॅड चिकटवतात. बाइंड करताना दोरी याच पॅडला धरते.

सुरुवात ॲल्युमिनियमच्या गोल बारपासून होते. ६०६१ हा मिश्रधातू कापायला सोपा, रंग छान घेतो, पण पडला-आपटला की लवकर पोचे येतात. ७०७५ मध्ये जस्त आणि तांबं असतं. टी-६ ही तापवून कणखर करायची प्रक्रिया केलेल्या अवस्थेत त्याची ताकद ६०६१ च्या जवळजवळ दुपटीपर्यंत जाते. भिंत पातळ करायची असेल तर ७०७५ घेणं शहाणपणाचं, कारण रिंगेचा ताण शेवटी त्या पातळ भिंतीलाच सोसायचा असतो. त्याचा रंग ६०६१ इतका स्वच्छ खुलत नाही, पण रंगापायी ताकद सोडणं मला पटत नाही.

बारचा तुकडा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरला जातो. पहिल्या फेरीत आतली बाजू कापतात, म्हणजे जुळवल्यावर दुसऱ्या अर्ध्याकडे तोंड करून असते ती. दोरीला आत घेणारी उतरती भिंत, पॅडची खाच, बेअरिंगचं सीट, मधलं भोक आणि त्यातले आटे. हे सगळं जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमधून न सोडता एकाच पकडीत करतात. एका पकडीत कापलेल्या सगळ्या गोलांचा मध्य एकच राहतो. जॉब सोडला आणि पुन्हा धरला की तो मध्य नव्याने शोधावा लागतो.

आणि तो सोडावाच लागतो. वाटीचा खोलगट भाग दुसऱ्या तोंडाला आहे. रिंग बसायची खाच बहुधा त्याच बाजूला येते. म्हणजे बेअरिंगचं सीट पहिल्या पकडीत आणि रिंगेची बैठक दुसऱ्या पकडीत कापली जाते. या दोन्हींचा मध्य एकच असला पाहिजे. बाय-मेटल यो-योतली अवघड जागा हीच.

त्यावर कारखान्यांनी दोन-तीन उपाय काढले आहेत. एक म्हणजे सॉफ्ट जॉ. चकचे जबडे मऊ धातूचे घेतात आणि ते त्याच मशीनवर, त्याच जागी यो-योच्या मापाला कापतात. त्यामुळे जबडे मशीनच्या मध्याशी तंतोतंत जुळतात. दुसरा उपाय मला जास्त सरळ वाटतो. मशीनवर बेअरिंग सीटच्या मापाची फिक्श्चर, म्हणजे जॉब धरायची बैठक बनवायची आणि अर्धा भाग त्याच्या सीटवरूनच धरून आट्यांनी आवळायचा. पुढे खेळताना जो भाग बेअरिंगवर बसणार, त्याच भागाचा आधार घेऊन बाकीचं कापायचं. तिसरा म्हणजे दोन स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दोन दांड्यांचं मशीन. त्यात पहिला स्पिंडल फिरत असतानाच दुसरा येऊन जॉब पकडतो, माणसाचा हात मध्ये लागत नाही.

मग तपासणी. अर्धा भाग सीटवरून धरून हळू फिरवायचा आणि डायल गेजची, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाची टोच आधी सीटवर, मग रिंगेच्या बैठकीवर टेकवायची. काटा जागेवर थांबला तर काम चोख. एका फेरीत काटा पाच शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे हलला तर जॉब आउट, म्हणजे मध्यापासून सरकलेला आहे. नुसत्या डोळ्याला हा फरक दिसणार नाही. हाताला मात्र पुढे जाणवेल.

किती जाणवेल, ते मोजता येतं. दहा ग्रॅमची स्टीलची रिंग मध्यापासून ०.०५ मिमी सरकून बसली आणि यो-यो मिनिटाला ५००० फेरे घेतोय असं धरलं, तर सुमारे १४ ग्रॅम वजनाइतका ओढा सेकंदाला ८३ वेळा दिशा बदलत दोरीवर येतो. तेवढीच चूक त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या कडेत असती तर ओढा पाच ग्रॅमच्या आत राहिला असता. जो जडपणा गिरकी टिकवतो, तोच चूकही तिप्पट करून दाखवतो. रिंगवाला यो-यो साध्यापेक्षा आपोआप चांगला, असं म्हणूनच म्हणता येत नाही. ढिसाळ बनवलेल्या बाय-मेटलपेक्षा नीट कापलेला एकाच धातूचा यो-यो हातात कितीतरी शांत फिरतो.

रिंगा वेगळ्या लेथवर होतात. स्टेनलेस स्टील हे चिवट प्रकरण आहे. कापताना ते हत्याराच्या टोकापाशी कडक होत जातं, म्हणून हत्यार नुसतं घासत ठेवायचं नसतं, ठाम काप घ्यायचा असतो आणि कूलंट, म्हणजे गार ठेवणारं द्रव, भरपूर द्यायचं असतं. पातळ रिंग चकमध्ये जास्त आवळली तर ती दाबाखाली किंचित वाकते. त्या अवस्थेत गोल कापली की सोडल्यावर तिचा गोलपणा जातो. म्हणून तिला पूर्ण गोलाई झाकणाऱ्या जबड्यांत हलक्या हाताने धरतात. पितळ यापेक्षा खूप सोपं, सुरेख कापलं जातं. मात्र घामाने काळवंडतं आणि आपटल्यावर स्टीलपेक्षा लवकर खरवडतं.

आता रिंग बसवायची. इथे स्क्रू नसतो, वेल्डिंग नसतं. रिंग आणि बैठक यांच्या मापांत मुद्दाम विरोध ठेवलेला असतो. रिंग बाहेरून चढवायची असेल तर तिचा आतला व्यास बैठकीपेक्षा किंचित लहान, आत बसवायची असेल तर बाहेरचा व्यास किंचित मोठा. हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांत असतो. याला प्रेस फिट म्हणतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती गार होताना चाकाला आवळून बसते, त्यातलंच हे तत्त्व आहे. फक्त इथे मापाला सूट नाही.

जवळून पाहिलं तर हे काम काही सेकंदांचं असतं. अर्धा भाग फिक्श्चरमध्ये उताणा ठेवलेला असतो. बैठकीच्या तोंडाशी बारीक चॅम्फर, म्हणजे तिरका उतार मारलेला असतो, त्यावर रिंग आडवी टेकवतात. वरून प्रेसचा सपाट, गोल ठोकळा उतरतो. रिंग सगळ्या बाजूंनी एकसारखी खाली गेली पाहिजे. एक बाजू आधी उतरली तर दुसरी बाजू ॲल्युमिनियमचा पापुद्रा खरवडत जाते, आणि तो पापुद्रा रिंगेखाली अडकून तिला कायमची तिरकी ठेवतो. एकदा तशी बसली की ती काढून पुन्हा बसवता येत नाही, कारण बैठक खराब झालेली असते. तो भाग बाद.

बाहेरची रिंग असेल तर ती तापवून घेणं सोयीचं पडतं. ५० मिमी व्यासाची स्टीलची रिंग दीडशे अंशांनी जास्त तापवली की तिचा व्यास सुमारे ०.१३ मिमीने वाढतो. ती सहज सरकते आणि गार झाल्यावर आवळते. आतल्या रिंगेसाठी उलट करावं लागेल, म्हणजे ॲल्युमिनियमचं अंग तापवावं लागेल. तिथे जरा थांबून विचार करावा. ७०७५ ला टी-६ ची ताकद देताना ते साधारण १२० अंश सेल्सिअसला तासन्‌तास ठेवलेलं असतं. त्याच्या बरंच वर तापवून ते तसंच राहू दिलं तर मिळवलेली ताकद उतरू लागते. म्हणून अशा वेळी थंड अवस्थेतच दाबून बसवणं किंवा उलट रिंगच खूप गार करून घेणं बरं. काही जण फटीत हवा नसतानाच घट्ट होणारा ॲनएरोबिक गोंदही वापरतात. माप अचूक असेल तर गोंद हा नुसता आधार राहतो. मापाची चूक झाकायला तो वापरला तर पहिल्याच जोराच्या आपटीत रिंग बोलते.

रिंग आत की बाहेर, यात आणखी एक बारकावा आहे. तापमान वाढलं की ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. बाहेरून चढवलेली रिंग त्यामुळे उन्हात आणखी घट्ट होते, तर आत बसवलेली सैल पडते. उन्हात उभ्या गाडीत यो-यो राहिला आणि चाळीस अंशांनी जास्त तापला, तर ५० मिमी व्यासावर हा फरक ०.०१३ मिमी भरतो. मापातला मूळ विरोध ०.०३ मिमी असेल तर जवळजवळ निम्मी पकड गेली. विरोध वाढवून ठेवावा म्हटलं, तर पातळ भिंत ताणाने वाकते आणि यो-यो डगमगतो. या दोन्हींच्या मधलं माप शोधणं हे आरेखन करणाऱ्याचं काम.

रंगाचं काम रिंग बसवायच्या आधी उरकतात. ॲल्युमिनियमवर आधी बारीक मणी हवेच्या दाबाने मारून पृष्ठभाग मखमली करतात. असा पृष्ठभाग बोटावर, तळहातावर फिरता यो-यो घसरू देतो, गुळगुळीत पॉलिश तितकं देत नाही. मग ॲनोडायझिंग. गंधकाम्लाच्या बाथमध्ये भाग बुडवून वीज सोडली की पृष्ठभागाचं ॲल्युमिनियम कठीण ऑक्साइडच्या सच्छिद्र थरात बदलतं, छिद्रांत रंग मुरतो आणि शेवटी ती छिद्रं बंद करतात. स्टील किंवा पितळ लागलेला भाग या बाथमध्ये घालता येत नाही, पितळ तर ते आम्ल खाऊनच टाकेल. म्हणून आधी रंग, मग रिंग. या थराचा एक फायदा असा की तो वीजरोधक आहे. घामाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून राहिले तर ॲल्युमिनियम झिजू लागतं. मधला थर ते अडवतो.

पण थराला जाडी असते, आणि तिचा काही भाग मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो. बैठकीचं, बेअरिंगच्या सीटचं माप त्यामुळे काही मायक्रॉनने बदलतं. हे आधीच हिशोबात धरून कापावं लागतं. नाहीतर रंगवून आल्यावर बेअरिंग सीटवर चढतच नाही. चढलं तरी ते पुन्हा काढताना चिमटा लागतो. हवं ते असं की बोटाने दाबलं की बेअरिंग बसावं आणि हाताने ओढलं की निघावं, पण बसल्यावर तसूभरही हलू नये. काही कारखाने रिंग बसवून झाल्यावर संपूर्ण अर्धा भाग पुन्हा सीटवरून धरून शेवटचा हलका काप घेतात. संतुलनासाठी ही उत्तम रीत. त्यात कापलेल्या जागेचा रंग जातो, ती जागा उघड्या धातूची राहते. मला तरी तशी चमकती कड खटकत नाही.

आता जुळवणी. अर्धे भाग वजन करून जोड्या लावतात, कारण एक बाजू जड असेल तर यो-यो फिरता फिरता तिकडे कलतो. ॲक्सल एका बाजूच्या आट्यांत बसवतात. बेअरिंग आधी द्रावणात धुऊन त्यातलं ग्रीस काढलेलं असतं. जाड ग्रीस राहिलं तर दोरी बेअरिंगसोबत ओढली जाते आणि यो-यो न बोलावता वर येतो. त्याऐवजी पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. सिलिकॉनचे पॅड खाचेत चिकटवतात, भिंतीशी सपाट किंवा किंचित आत. वर आलेला पॅड दोरीला नको तेव्हा धरतो.

दोन अर्धे आवळले की बेअरिंगची आतली कडी दोन्ही सीटांच्या मध्ये दाबली जाते. त्यांना एका रेषेत आणायचं काम बेअरिंगचं, ॲक्सल फक्त ओढून धरतो. आटे किंचित तिरके पाडले गेले असतील तर ॲक्सल एका दिशेने ओढतो आणि सीट दुसऱ्या दिशेने, मग अर्धा भाग तिरका बसतो. कडीच्या टेकणीखाली धातूचा एखादा बर, म्हणजे कापताना उरलेला बारीक कंगोरा, राहिला तरी तेच होतं. टेकणीचा व्यास ८ मिमी आणि बर ०.०१ मिमीचा धरला, तर ५६ मिमी व्यासाच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर तो सातपट, म्हणजे ०.०७ मिमी होतो. म्हणून जुळवणी करणारा माणूस प्रत्येक सीट पुसून, उजेडात तिरकी धरून बघतो. घरी यो-यो उघडून साफ करणाऱ्यानेही ही सवय लावून घ्यावी. आवळताना हाताच्या जोराने थांबलं की पुरे. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, स्टीलचा ॲक्सल अति आवळला की आटे जातात, आणि आटे गेलेला अर्धा भाग दुरुस्त करणं फार कटकटीचं.

शेवटची चाचणी यो-यो प्रत्यक्ष फेकून घेतात. जोरात सोडायचा, दोरी स्थिर ठेवायची आणि फिरत्या कडेला नखाची बाजू हलकीच लावायची. नखाला सलग, एकसारखा स्पर्श जाणवला तर तो उत्तीर्ण. नख टकटकलं तर अर्धे भाग सोडून ॲक्सल बदलून पाहतात, थोडा कमी-जास्त आत फिरवून पाहतात, बेअरिंग बदलतात. आट्यांत ॲक्सल कुठे थांबतो ते बदललं की त्याच्या आणि आट्यांच्या बारीक चुका कधीकधी एकमेकींना भिडतात आणि थरथर कमी होते. तरीही टकटक राहिली, किंवा रंगात डाग असला, तर तो यो-यो दुय्यम प्रतीचा म्हणून बाजूला काढतात आणि बरेच कारखाने तसं स्पष्ट सांगूनच विकतात. नुकतंच खेळायला लागलेल्याने डाग असलेला, पण नखाला गुळगुळीत लागणारा असा यो-यो बेलाशक घ्यावा. खेळात त्या डागाने काही अडत नाही.